बी-सातची लाईन कोण खातंय

तुदोरा आर्गिर लिफ्टने जात नसे. लिफ्ट बंद असायची म्हणून नाही. लिफ्ट यायची वाट बघत उभं राहणं तिच्याच्याने व्हायचं नाही. चौथ्या मजल्यावरच्या घरातून दहाव्या मजल्यावरच्या कपडे वाळवायच्या खोलीपर्यंत ती दिवसातून चार-पाच वेळा चढायची, त्रेपन्न वर्षांच्या गुडघ्यांना शिव्या देत. त्या खोलीत कपडे आता कुणी वाळवत नव्हतं. दोऱ्या तशाच लोंबत होत्या, पण त्यांच्या खाली एका लोखंडी कपाटात बी-सात ब्लॉकचा सर्व्हर घरघरत असायचा. कपाटाची किल्ली तुदोराच्या गळ्यात, क्रुसाच्या शेजारी, एकाच साखळीत.

दोन हजार चार सालचं, डॅन्यूब नदीकाठचं गालात्स शहर. त्सिग्लिना वस्तीत बहुतेक ब्लॉकना असं स्वतःचं जाळं होतं. इंटरनेटची एक जाडी लाईन सगळ्यांनी मिळून घ्यायची, मग एका बाल्कनीतून दुसऱ्या बाल्कनीत, तिथून झाडावर, झाडावरून दिव्याच्या खांबावर केबल ओढत घराघरात न्यायची. वारा आला की सगळी वस्ती तारांनी वाजायची. इतर ब्लॉकची जाळी कॉलेजातल्या पोरांनी बांधलेली. पोरं इटलीला, स्पेनला निघून गेली की ती जाळी बेवारशी पडायची. बी-सातचं जाळं मात्र एका बाईने उभं केलं होतं, आणि तुम्ही विचारायच्या आधी ते ती स्वतःच सांगायची.

सांगण्यासारखं होतंच म्हणा. अठराव्या वर्षी ती गावाकडून शहरात आली आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली. कानाला यंत्र, समोर भोकांची भिंत, दोन्ही हातांत दोऱ्या. तीस वर्षं तिने लोकांना लोकांशी जोडलं. कारखान्यातला अपघात, बंदरावरची बाळंतपणं, मंत्र्यांची बोलणी, सगळं तिच्या बोटांतून गेलं. एके दिवशी नवं यंत्र आलं आणि अडतीस बायकांना एकेक फुलांचा गुच्छ देऊन घरी पाठवण्यात आलं. तुदोराने गुच्छ तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात उभा केला, देठ वर करून, आणि मागे न बघता निघाली.

मग आठ महिने ती घरात येरझाऱ्या घालत होती. नवरा सांदू कारखान्यातून निवृत्त झालेला, शांत माणूस, तो म्हणाला, "अगं, बस जरा." ती म्हणाली, "तीस वर्षं बसलेच होते." बंद पडलेल्या एका कचेरीतून तिने एक जुनाट कॉम्प्युटर उचलून आणला, चारशे पानांची झेरॉक्स काढलेली इंग्रजी पोथी मिळवली, आणि इंग्रजीचं अक्षर येत नसताना शब्दकोश मांडीवर घेऊन ती वाचून काढली. चित्रं, खिडक्या, उंदीर यांच्यात तिचं मन कधी रमलं नाही. तिला काळा पडदा आवडला. पांढऱ्या अक्षरांत विचारायचं, पांढऱ्या अक्षरांत उत्तर घ्यायचं. कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, किती वेळ. तिला वाटलं, अरे, हे तर माझंच काम आहे.

पहिली केबल तिने शेजारणीकडे टाकली. चार वर्षांत बासष्ट घरं झाली. प्रत्येक घराला जाळ्यात एक पत्ता, आणि पत्त्याचा शेवटचा आकडा म्हणजे घराचा नंबर, कारण तिला पाठ करायला तेच सोपं. बाराला बारा, सत्तावीसला सत्तावीस. तिचं स्वतःचं घर एक्केचाळीस.

लाईनवर नजर ठेवायला तिने एक छोटी कमांड लिहून ठेवली होती. नाव ठेवलं होतं 'डोळा'. 'डोळा' लिहून एंटर दाबलं की काळ्या पडद्यावर घरांचे पत्ते एकाखाली एक उभे राहायचे. जो जास्त ओढतोय तो सगळ्यात वर. प्रत्येक ओळीवर एक बाण जाणाऱ्याचा, एक बाण येणाऱ्याचा, आणि मागच्या दोन सेकंदांची, दहा सेकंदांची, चाळीस सेकंदांची सरासरी. ओळींवरून उजळ पट्टे लांब व्हायचे, आखूड व्हायचे, घरं वर-खाली उड्या मारायची. तुदोरा ते तासन्‌तास बघू शकायची. एवढी एकच गोष्ट ती बसून बघायची, आणि तीही पाय हलवत.

सप्टेंबरच्या सुरुवातीला लाईन तुंबायला लागली. दिवसभर ठीक. संध्याकाळी पाच वाजले की सगळं रखडायचं आणि सव्वासातला आपोआप सुटायचं. आणि नेमक्या त्याच वेळात ब्लॉकमधली अर्धी माणसं कानाला यंत्र लावून बसलेली असायची, कारण बाहेरदेशी गेलेली मुलं-मुली कामावरून सुटून तेव्हाच बोलायची. पाचनंतर जिन्यातून चाललं की दारांच्या मागून एकच वाक्य ऐकू यायचं: "ऐकू येतंय का? मला ऐकू येत नाही. ऐकू येतंय का?"

बाकावर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेल्या बायका तुदोरा दिसली की मुद्दाम मोठ्याने बोलायच्या.

"माझा मुलगा म्हणतो, आई, तू पाण्याखालून बोलतेस."

"दुसऱ्या जिन्यात कंपनीची लाईन आली म्हणे. तिथे खोकला पण स्वच्छ ऐकू येतो."

"खोकला ऐकायला कंपनी कशाला हवी?" तुदोरा म्हणाली. "तुमच्या नवऱ्याचा मला चौथ्या मजल्यावर फुकट ऐकू येतो."

बोलून गेली, पण मनातून धास्तावली. कारण कंपनीचा माणूस खरंच फिरत होता. पांढरी फाईल, गळ्यात टाय, प्रत्येक दारावर एक फॉर्म. आणि ब्लॉकची व्यवस्थापक ग्रोझावूबाई, जिचं आणि तुदोराचं कपडे वाळवायच्या खोलीपासून बिनसलेलं, तिने जिन्यातल्या फळ्यावर नोटीस लावली: शनिवारी अकरा वाजता सभा. विषय एकच. जाळं ठेवायचं की कंपनीला द्यायचं.

शनिवारपर्यंत चोर सापडला पाहिजे होता. नाहीतर चार वर्षांचं जाळं एका हात वर करण्यात जाणार होतं, आणि तुदोराला दुसऱ्यांदा घरी बसवलं जाणार होतं, या वेळी गुच्छाशिवाय.

रोज पाचला ती 'डोळा' उघडून बसायची. पट्टे बघायची, उठायची, खिडकीशी जायची, परत यायची. वरच्या ओळीत कधी बारा नंबरातला दोरिन नावाचा विद्यार्थी, कधी अठ्ठावन्न. दोरिनला तिने दोनदा तोडलं, जिन्यात गाठून झाडलं. लाईन तशीच तुंबलेली. आणि एक गोष्ट जुळत नव्हती. पडद्याच्या तळाशी सगळ्यांची बेरीज यायची, आणि ती बेरीज लाईनच्या निम्मीसुद्धा भरत नव्हती. निम्मी लाईन रिकामी दिसतेय आणि लोक गुदमरतायत.

तिने लाईन पुरवणाऱ्यांना फोन लावला. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "बाई, आमच्याकडून तुमची लाईन काठोकाठ भरलेली दिसते. तुमच्याकडूनच बाहेर जातंय."

"डोळे तपासून घ्या."

"बाई, आकडे आहेत समोर."

"माझ्याही समोर आकडेच आहेत. मी तीस वर्षं लाईनवर काढली. तुम्ही निम्मी लाईन देता आणि भरलेली सांगता. खोटं बोलताना आवाज असाच गुळगुळीत होतो, मला ओळखू येतो." आणि फोन आपटला.

बुधवारी सत्तावीस नंबर वर आला आणि वरच राहिला. पाचपासून सातपर्यंत, हलेचना. सत्तावीस म्हणजे पानाइत, बहात्तर वर्षांचा, डॅन्यूबवरच्या टगबोटीवर इंजिन सांभाळून निवृत्त झालेला एकटा म्हातारा. तुदोराला पुरावा पुरे झाला. तिने सत्तावीसची लाईन चिमटीएवढी केली आणि गुरुवारी सकाळी एक यादी छापून जिन्यातल्या फळ्यावर लावली.

त्या फळ्याची ताकद तिला ठाऊक होती. दर महिन्याला त्यावर पाणी आणि घरं तापवायच्या वाफेच्या बिलांची यादी लागायची, घरवार, नावानिशी. बी-सातमधली माणसं वर्तमानपत्र सोडतील, ती यादी सोडणार नाहीत. आधी शेजाऱ्याचा आकडा बघायचा, मग आपला, मग एक खोल श्वास. तुदोरानेही तशीच यादी केली: घर, आणि पाच ते सातमध्ये किती ओढलं. सत्तावीसखाली लाल रेघ. खाली तिने हाताने लिहिलं: 'लाईन कोण खातंय ते बघा आणि मग हात वर करा.'

दुपारपर्यंत पानाइतच्या दारासमोर कुणीतरी बियांची टरफलं ओतून ठेवली होती.

शुक्रवारी पाच वाजायला थोडा वेळ असताना बेल वाजली. तुदोरा स्वयंपाकघरात मिरच्या भाजत होती; त्या आठवड्यात सगळ्या ब्लॉकला भाजलेल्या मिरच्या-वांग्यांचा वास होता, बरण्या भरायचे दिवस. दारात पानाइत. हातात घडी केलेला कागद.

"आत येऊ का? की दारसुद्धा चिमटीएवढंच उघडतेस?"

"या, नेआ पानाइत," ती म्हणाली. वयाने मोठ्या पुरुषाला तिथे नेआच म्हणतात, भांडताना सुद्धा. "पण आधीच सांगते, नियम सगळ्यांना सारखा."

"तेच विचारायला आलोय. सारखा आहे का." त्याने कागद टेबलावर पसरला. फळ्यावरची यादीच होती. "मी दोन तास बसतो हे खरं. माझी मुलगी क्रिना इटलीत, बारी शहरात, एका म्हातारीची सेवा करते. म्हातारीचा मुलगा पाचला येतो, तेवढाच तिला वेळ. मी तिला बघतो, ती मला बघते. काल ती म्हणाली, बाबा, तुझा चेहरा फुटतोय, चौकोन चौकोन होतायत. मग गेलीच."

"वाईट वाटतं. पण ब्लॉकमध्ये तुम्ही एकटे नाही."

"नाही ना. किती घरं?"

"बासष्ट."

"मोज."

"मला मोजायला शिकवू नका."

"मी मोजली. टरफलं झाडून झाल्यावर वेळ होता." त्याने जाड बोट यादीवर ठेवलं. "एकसष्ट आहेत. चाळीसनंतर एकदम बेचाळीस. ग्रोझावूबाई कितीही खडूस असू दे, तिच्या वाफेच्या यादीत तिचं स्वतःचं घर असतं. तुझं कुठंय?"

तुदोराची कानशिलं तापली. "म्हणजे मी खाते लाईन? मी?"

"मी असं म्हटलं नाही. टगवर एकदा तेल उतरत होतं. तीन दिवस आम्ही सगळ्या नळ्या चाचपल्या, एका पोऱ्याला मी शिव्या घातल्या. फुटलेली नळी माझ्या बसायच्या बाकाखाली होती."

"थांबा तुम्ही. इथेच थांबा." ती तरातरा आतल्या खोलीत गेली, म्हातारा मागे मागे. "माझं घर यादीत नाही कारण मीच काढलंय. मी इथून वरच्या सर्व्हरशी बोलते, तर हा पडदा हलतो तेवढं माझंच येणं-जाणं वर दिसत राहतं. सारखी माझीच ओळ उडते, मधे येते. म्हणून 'डोळा'ला सांगून ठेवलंय, एक्केचाळीस सोडून बाकी दाखव. दीड वर्ष झालं. आता ते शब्द काढते आणि दाखवते तुम्हाला माझ्या घरातून काय जातं ते."

तिने खटाखट कमांड लिहिली, या वेळी एक्केचाळीस न वगळता. एंटर. एक्केचाळीस वर आलं. ओळ उडत होती, बारीकशी, ती म्हणाली होती तशीच.

"बघितलंत? मुंगीएवढं."

पानाइतने मान हलवली. उठणार तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले. आतल्या काचेच्या बाल्कनीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग एक पंखा सुरू झाल्याचा. पाच मिनिटं गेली असतील. पडद्यावर एक्केचाळीसचा पट्टा सरकायला लागला. अर्ध्यापर्यंत आला, पाऊणपर्यंत, मग डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत सगळी ओळ उजळ. आणि खाली अजून ओळी, एक्केचाळीस ते कुठलासा परदेशी पत्ता, एक्केचाळीस ते दुसरा, तिसरा. सगळे बाण बाहेर जाणारे. तळाची बेरीज लाईनला जाऊन टेकली.

तुदोराचा पाय हलायचा थांबला होता.

"सांदू," तिने हाक मारली. आवाज इतका बारीक निघाला की पानाइतसुद्धा दचकला.

सांदू बाल्कनीत काकडीच्या बरण्यांच्या मधे आपल्या कॉम्प्युटरसमोर बसला होता. वसंतात त्याला तो मिळाला तेव्हा तिनेच केबल जोडून दिली होती, आपल्याच केबलच्या जोडडबीतून, आपल्याच पत्त्यावर. घरातलाच तर आहे, त्याला वेगळा पत्ता कशाला. सांदूने तरुणपणापासून खेड्यापाड्यांतल्या लग्नांत टेपरेकॉर्डर नेऊन वाजंत्र्यांची फिडलं, तारांवर काठ्या मारून वाजवायची झांबळं, गाणी भरून ठेवली होती. तीनशेदहा टेपा. त्या तो कॉम्प्युटरवर उतरवत होता एवढंच तिला माहीत होतं. त्यापुढे तिने कधी विचारलं नव्हतं.

"काय करतोस?"

"देतोय," सांदू म्हणाला.

"काय देतोस? कुणाला?"

"गाणी. कारखान्यातला एक जण स्पेनला असतो, त्याने एक प्रोग्रॅम दिला. मी माझं कपाट उघडं ठेवायचं, ज्याला हवं तो घेतो. पाचला लावतो. जेवायला बसताना बंद करतो, यंत्र तापलं की बरण्या तापतात." त्याने चष्मा वर केला. "कामावरून सुटून येतात बिचारे. आज दोनशे जण आहेत. इटलीत तोरिनोचा एक गवंडी आहे, त्याच्या बापाच्या लग्नातली होरा, फेर धरून नाचायची ती धून, माझ्याकडे निघाली. रडला म्हणे. तीन आठवडे झाले, रोज वाढतायत."

तीन आठवडे. तुदोरा दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. एक्स्चेंजमध्ये प्रत्येक कॉलची चिठ्ठी लिहिली जायची, कुणी, कुणाला, किती मिनिटं. फक्त ऑपरेटरच्या स्वतःच्या लाईनची चिठ्ठी कुणी लिहीत नसे. ती लाईन मोजायची नसते हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते तिच्या बोटांनाच माहीत होतं.

कॉम्प्युटरमधून फिडल वाजत होतं. पानाइतने कान दिला. "हे बेरेश्टीचं लग्न ना? फिडलवाला डावखुरा होता तो?"

"तोच," सांदू खुलला. "ऐकता? अजून एक आहे."

"ऐकेन रे. आज नको. ते बंद कर, क्रिना येऊन बसली असेल."

तुदोराने सत्तावीसची लाईन मोकळी केली. दोन वेळा चुकीची अक्षरं दाबली गेली, जे तिचं चार वर्षांत झालं नव्हतं. म्हातारा गेला. माफी माग म्हणाला असता तर तिला भांडता आलं असतं.

त्या संध्याकाळी बी-सातची लाईन काचेसारखी होती. दारांच्या मागून हसण्याचे आवाज येत होते. बाकावरच्या एका बाईने वर बघून, मावशीला मारतात तशी, हाक मारली, "तांती तुदोरा, सुधारली ग. कोण होतं?" तुदोरा खिडकीतून मागे सरकली. मिरच्या करपून कोळसा झाल्या होत्या. ती जिना चढून दहाव्या मजल्यावर गेली, कपाट उघडलं, बंद केलं, खाली आली. पुन्हा वर गेली. कुणाला काही सांगायची गरज नव्हती. चोर पकडला म्हणायचं, सत्तावीस आता नीट वागतोय म्हणायचं, हात वर होतील. म्हातारा बोलणार नाही, हे तिला त्याच्या पाठीवरून कळलं होतं.

"मी सांगतो उद्या," सांदू जेवताना म्हणाला. "माझीच चूक."

"तू गप्प बस. तू कपाट उघडं ठेवलंस. मी डोळ्यावर बोट ठेवलं आणि वस्तीला म्हटलं, बघा, मला सगळं दिसतं." तिने मक्याच्या पिठाची मामालिगा ताटात नुसती फिरवली. "आणि त्या म्हाताऱ्याच्या दारात टरफलं पडली."

शनिवारी अकराला दोन नंबर जिन्यासमोर पन्नासेक माणसं जमली. काही बाकावर, काही आपली खुर्ची घेऊन. कंपनीचा माणूस फाईल मांडीवर घेऊन झाडाखाली. ग्रोझावूबाईने घसा साफ केला. "सगळ्यांना माहीत आहे आपण का जमलोय. आजकालची लाईन—"

"लाईन मी खाल्ली," तुदोरा म्हणाली.

ती सगळ्यांच्या मागे उभी होती, तिथूनच बोलली. खुर्च्या वळल्या.

"एक्केचाळीस नंबर. माझ्या घरातून जात होती, तीन आठवडे, आणि मला दिसलं नाही, कारण मी माझं घर बघायचंच नाही असं यंत्राला सांगून ठेवलं होतं. सत्तावीसचा काही संबंध नव्हता. नेआ पानाइत मुलीशी बोलत होते. यादी चुकीची होती." ती थांबली. पुढचा शब्द घशातल्या माशाच्या काट्यासारखा निघाला. "चुकलं."

सगळे एकदम बोलायला लागले.

"आणि मला दोनदा तोडलंस ते, तांती?" बारा नंबरचा दोरिन उभा राहिला. "माझा परीक्षेचा अर्ज अडकला होता."

"तेही चुकलं."

"माझ्या मुलाला मी म्हटलं, तुझाच फोन खराब आहे," एक बाई म्हणाली. "त्याने नवा घेतला."

"तो मला विचारून घेतला नाही त्याने," तुदोरा म्हणाली. दोघं-तिघं हसले, आणि तिला त्या हसण्याचा रागही आला आणि आधारही वाटला.

ग्रोझावूबाई थांबायला तयार नव्हती. "म्हणजे जिच्या गळ्यात किल्ली, तीच. मग आणखी काय बोलायचं? फॉर्म वाटा."

कंपनीचा माणूस उठला. तेवढ्यात पानाइतने बसल्या जागेवरून हात वर केला.

"साहेब, एक विचारू? उद्या तुमच्या लाईनवर माझ्या मुलीचा चेहरा फुटला, तर लाईन कोण खातंय ते मला बघता येईल?"

"तुम्हाला बघायची गरजच नाही. तक्रारीसाठी नंबर आहे आमचा."

"नंबर ठीक. बघता येईल का?"

"ते आमच्या तंत्रज्ञांचं काम असतं. ग्राहकाला दिसत नाही."

"एकही घर?"

"नाही."

"इथे निदान एकसष्ट दिसत होती," पानाइत म्हणाला, आणि या वेळी सगळेच हसले, ग्रोझावूबाईच्या शेजारची सुद्धा. म्हातारा मात्र हसला नाही. "मी जाळं ठेवा म्हणतो. पण असं नाही. तो 'डोळा' सगळ्या घरांवर, एकही न वगळता. यादी रोज फळ्यावर, एक्केचाळीससकट. आणि दुसरी किल्ली, दुसरा पासवर्ड, दुसऱ्या माणसाकडे."

"कुणाकडे?" ग्रोझावूबाईने विचारलं.

"ज्याला वेळ आहे त्याच्याकडे. मला आहे."

तुदोराचं रक्त उसळलं. बहात्तर वर्षांचा माणूस, ज्याने आयुष्यात एक कमांड लिहिली नाही, तो तिच्या कपाटात हात घालणार. तिच्या तोंडापर्यंत आलं: मग घ्या तुमची कंपनी, मरा. ती दोन पावलं पुढे गेली, दोन मागे. बायका तिच्याकडे बघत होत्या. मग तिने साखळी काढली, क्रूस बाजूला सारत किल्ली सुटी केली आणि पानाइतच्या हातावर ठेवली. "दुसरी करून घ्या आणि ही संध्याकाळपर्यंत परत द्या. उशीर चालणार नाही."

तेहतीस हात जाळ्याच्या बाजूने, एकोणीस कंपनीच्या. एकोणीसमधल्या काहींनी तिथेच फॉर्म भरले, आणि महिनाभरात बी-सातची केबल नऊ बाल्कन्यांतून उतरली. तुदोराने ती स्वतः गुंडाळली, प्रत्येक वेटोळ्याला एक शिवी.

पानाइत शिकला. हळूहळू, एकेका बोटाने, वहीत मोठ्या अक्षरांत कमांड लिहून घेऊन. त्याला शिकवणं म्हणजे तुदोराला लिफ्टची वाट बघण्यापेक्षा वाईट होतं. तो अक्षर शोधेपर्यंत ती खोलीत तीन फेऱ्या मारायची. "तिथे, तिथे, नाकासमोर." "बोटीवर घाई करणाऱ्याला मी खाली उतरवायचो," तो म्हणायचा आणि अक्षर शोधत राहायचा. पण पट्टा फुगला की तिच्या आधी त्याला कळायचं. तो आकडे वाचत नसे, यंत्राचा आवाज ऐकल्यासारखं नुसतं बघत बसायचा.

सांदूचं कपाट मात्र अडचणीत आलं. सभेने ठरवलं, लाईन मोकळी असते तेव्हाच, म्हणजे सकाळी दहा ते बारा. सकाळी दहाला तोरिनोचा गवंडी परांचीवर असतो. दोनशेचे सात झाले. सांदू रोज दहाला लावायचा, बाराला बंद करायचा, आणि मधल्या वेळात कॉम्प्युटरकडे पाठ करून काकडीच्या बरण्या पुसायचा. एका बाईचं पत्र आलं होतं: तुमचं दार हल्ली बंद का असतं?

तुदोराने ते वाचलं, दोन खोल्यांतून फिरून आली, परत वाचलं. रात्रीत एक ओळ बदलून सांदूला पाचला उघडून देणं तिच्या हातात होतं. हातात होतं म्हणजे, आता नव्हतं. पानाइतला दिसलं असतं. आणि दिसलं नसतं तरी तिला आता ते जमलं नसतं, याचाच तिला जास्त संताप आला.

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी ती जिना चढून वर गेली. पानाइत दोऱ्यांखाली स्टुलावर बसला होता, पडद्यासमोर, मांडीवर वही.

"बस," तो म्हणाला.

"बसायला आले नाही." ती कपाटाला टेकली, सरळ झाली, पुन्हा टेकली. "सांदूला संध्याकाळ हवीय. रोज नाही. एखादी."

"तू मागतेस की सांदू?"

"एक्केचाळीस नंबर मागतोय. लिहून घ्या."

पानाइतने वही उघडली नाही. त्याने पडद्यावरचे पट्टे बघितले, बराच वेळ. तुदोराने दोरीवरचा एक गंजका चिमटा काढला, लावला, काढला.

"रविवारी क्रिना म्हातारीला चर्चला नेते, संध्याकाळची. मग आम्ही बोलत नाही," तो म्हणाला. "माझ्या वाट्याची आहे ती वेळ. तो घेऊ दे."

तिला कुणाकडून काही घ्यायची सवय नव्हती.

"तेवढंच घेईल," ती म्हणाली. "सत्तावीसच्या वाट्याएवढंच. कणभर वर जाणार नाही."

"नाहीच जाणार," पानाइत म्हणाला. "मी बघत असणार आहे."